नृत्याकडून नाट्याकडे

झोहरा सेहगल हे नाव उच्चारताच बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एक मिस्कील आजी उभी राहील. १९९९ सालच्या ‘हम दिल दे चुके सनम’मधील आजी, किंवा ‘चीनी कम’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आईच्या भूमिकेत मुलाला पदोपदी टोमणे मारणारी म्हातारी. हा दुसरा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला तेव्हा झोहराबाईंना ९५ वर्षे पुरी झाली होती. इतक्या उशिरा घराघरांत पोहोचलेल्या माणसाच्या पूर्वायुष्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. म्हातारपण हीच त्याची ओळख होऊन बसते. झोहराबाईंच्या बाबतीत तसे झाले आणि त्यात त्यांच्यावर थोडा अन्यायही झाला. कारण आयुष्याच्या ऐन उमेदीची सुमारे पंधरा वर्षे या बाई नर्तकी होत्या, आणि त्याही अशातशा नव्हेत. उदयशंकरांच्या नृत्यमंडळीबरोबर त्यांनी जपानपासून अमेरिकेपर्यंतचे रंगमंच पाहिले होते.

मग नृत्य सुटले कसे? वय झाले, संसार आला, चित्रपटसृष्टीने ओढून नेले, अशी नेहमीची उत्तरे चटकन सुचतात. परंतु त्यांचा जीवनक्रम सनावळी लावून वाचला म्हणजे यांपैकी एकही उत्तर पुरेसे वाटत नाही. मी सरकारी नोकर आहे. संस्था कशा निघतात, कशा चालतात आणि एके दिवशी कशा बंद पडतात, यासंबंधीचे कागद पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या सवयीचा हा परिणाम असेल, पण झोहराबाईंचे चरित्र वाचताना माझी नजर प्रथम त्यांच्या भूमिकांकडे जात नाही. ती जाते त्यांच्या पायांखालून एकामागून एक निघून गेलेल्या संस्थांकडे.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १९१२ रोजी सहारनपूर येथे झाला. घराणे रोहिला पठाणांचे, रामपूरशी संबंध असलेले. सात भावंडांत झोहरा तिसरी. आई लवकर वारली. परंतु मुलींनी लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात शिकावे ही तिची इच्छा घरच्यांनी पाळली. त्या विद्यालयात पडदा कडक होता. एखाद्या पुरुष विद्वानाला व्याख्यानासाठी बोलावलेच, तर तो आडपडद्यामागे बसून बोले आणि मुली अलीकडे बसून ऐकत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीने पुढे परपुरुषांनी भरलेल्या नाट्यगृहांत नृत्य करावे, ही गोष्ट आज ऐकताना वाटते तितकी साधी नव्हती. आपल्याकडे मराठी रंगभूमीवर १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रिया स्त्री-भूमिकांत उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचाही गवगवा झाला होता. आणि मराठी प्रेक्षकांना तर तोवर नाटकाची अर्धशतकाहून अधिक काळची सवय होती. रोहिला पठाणांच्या घरात तशी सवय असण्याचे कारण नव्हते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. झोहराबाईंचे विलायतेला जाणे ठरले ते नृत्यासाठी नव्हे, अभिनयासाठी. एडिंबरोला राहणारे त्यांचे मामा साहिबजादा सईदुज्जफर खान यांनी भाचीला एका ब्रिटिश नटाच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्याचा घाट घातला होता. १९३० साली मामा-भाची लाहोरहून चक्क मोटारीने निघाली. इराण, पॅलेस्टाइन, दमास्कस असा मार्ग आक्रमून ती इजिप्तमध्ये पोहोचली आणि अलेक्झांड्रियाला युरोपच्या बोटीत बसली. त्या काळचे रस्ते आणि त्या काळच्या मोटारी लक्षात घेतल्या, म्हणजे मामांच्या धाडसाचेही कौतुक वाटते. एरवी अशा चरित्रांतून मामांसारख्या माणसांना एका ओळीत निरोप मिळतो. परंतु विसाव्या शतकात ज्या भारतीय स्त्रिया घराबाहेर पडून काही करू शकल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या मागे असा एखादा तऱ्हेवाईक वडीलधारा पुरुष उभा असलेला दिसतो.

युरोपात पोहोचल्यावर मात्र बेत बदलला आणि अभिनयाची उमेदवारी बाजूला राहून झोहरा जर्मनीत ड्रेस्डेन येथील मेरी विगमान यांच्या नृत्यशाळेत दाखल झाली. तेथे ती तीन वर्षे शिकली.

झोहराबाईंना सर्रास ‘बॅले नर्तकी’ म्हटले जाते, तेव्हा या शब्दाविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. फ्रान्सच्या दरबारात वाढलेला आणि रशियात कळसाला पोहोचलेला जो बॅले, त्यात नर्तकी पायांच्या बोटांच्या टोकावर उभी राहते आणि आपल्याला जणू वजनच नाही असा भास उत्पन्न करते. विगमानबाईंचे नृत्य याच्या उलट टोकाचे. त्यात अनवाणी पाय जमिनीला घट्ट भिडलेले असत. शरीराचा ताण आणि त्या ताणाचा उपशम यांतून हालचाल जन्म घेई. संगीत पुष्कळदा ढोल आणि घंटा यांच्या आघातांपुरतेच असे, कधी तेही नसे. सौंदर्याचा आग्रह तर मुळीच नव्हता. त्यांचे गाजलेले ‘चेटकिणीचे नृत्य’ मुखवटा चढवून जमिनीवर बसून केलेले आहे. भारतात ‘बॅले’ हा शब्द रूढ झाला तो निराळ्याच वाटेने. उदयशंकर लंडनला चित्रकला शिकत असताना १९२३ साली सुप्रसिद्ध रशियन बॅले नर्तकी अॅना पाव्हलोव्हा यांच्याशी त्यांचा संबंध आला. तिच्यासाठी त्यांनी भारतीय विषयांवरील नृत्ये रचली आणि तिच्याबरोबर ती केली. पुढे स्वतःची मंडळी काढल्यावर त्यांच्या समूहनृत्यांना लोक बॅले म्हणू लागले. आपण त्यांना नृत्यनाट्य म्हणतो, आणि माझ्या मते तोच शब्द अधिक नेमका आहे. कारण त्यात नाट्य आधीपासूनच आहे. झोहराबाई नृत्याकडून नाट्याकडे गेल्या असे आपण म्हणतो खरे. पण ज्या नृत्यात त्या वाढल्या ते नाट्यापासून फारसे दूर नव्हते.

युरोपात असतानाच झोहरा यांनी उदयशंकरांचे नृत्य पाहिले होते आणि त्यांची गाठही घेतली होती. त्या भारतात परतल्यावर १९३५ साली उदयशंकरांची तार आली : मंडळी जपानच्या दौऱ्यावर निघत आहे, ताबडतोब येऊन मिळता येईल काय? ऑगस्टमध्ये त्या कलकत्त्याला मंडळीत दाखल झाल्या. जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असा तो प्रवास होता. मंडळीतील प्रमुख नर्तकी सिमकी ही जन्माने फ्रेंच. तिच्याबरोबर उभे राहून झोहराबाईंनी आपले स्थान मिळविले. धाकटी बहीण उझरा हीसुद्धा पुढे याच मंडळीत आली.

१९४० साली हिमालयातील अल्मोड्याला उदयशंकरांच्या संस्कृतिकेंद्राचे वर्ग सुरू झाले. या केंद्राविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण भारतीय नृत्याच्या इतिहासातील तो एक विलक्षण प्रयोग होता. कथकलीसाठी केरळातून शंकरन नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी आमुबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, असे गुरुजन एका टेकडीवर एकत्र आणलेले. इंग्लंडमधील डार्टिंग्टनच्या एल्महर्स्ट दांपत्याने पैशाचे साहाय्य केले होते. विद्यार्थ्यांना कोणत्याही एका घराण्याचे शिक्के न मारता शरीर, ताल, निरीक्षण आणि तत्काल रचना यांचे शिक्षण द्यायचे, ही कल्पना. त्यासाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम झोहराबाईंनी तयार केला. ड्रेस्डेनची पद्धतशीर तालीम आणि उदयशंकरांची प्रतिभा यांचा सांधा जुळविण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले होते, आणि ते काम करण्याची तयारी असलेली दुसरी व्यक्ती त्या वेळी भारतात क्वचितच सापडली असती. विद्यार्थ्यांत गुरुदत्त पदुकोण नावाचा एक तरुण होता. कामेश्वर सेहगल नावाचा आणखी एक तरुण होता. तो इंदूरचा, विज्ञानाची आवड असणारा, चित्रे काढणारा, झोहराबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान आणि हिंदू. या दोघांचा विवाह १४ ऑगस्ट १९४२ रोजी झाला. स्वागतसमारंभाला पंडित जवाहरलाल नेहरू यावयाचे होते. परंतु ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर काही दिवस आधीच त्यांना अटक झालेली होती.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाच वर्षे मिळालीच नाहीत. युद्धाचे दिवस, द्रव्याची चणचण, आणि उदयशंकरांच्या मनात घोळू लागलेला चित्रपट, या सर्वांचा परिणाम होऊन १९४४ साली अल्मोड्याचे केंद्र बंद झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५३ साली, दिल्लीत संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. कलेला शासनाचा आश्रय हवा की नको, याविषयी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. मी या नऊ वर्षांच्या अंतराचा विचार करतो. ज्या पैशाअभावी अल्मोडा मोडले ती रक्कम पुढच्या काळातील सरकारी अंदाजपत्रकांच्या मानाने डोळ्यांतही भरली नसती. परंतु १९४४ साली पारतंत्र्य होते, आणि तशी रक्कम मंजूर करणारा कोणी नव्हता.

अल्मोडा सुटण्याच्या सुमारास झोहरा आणि कामेश्वर यांनी लाहोरला स्वतःची नृत्यशाळा काढली. तिचे नाव ‘झोरेश’. दोघांची नावे जोडून केलेले. ज्या गावी पडद्याआडून व्याख्याने ऐकली, त्याच गावी आता नृत्य शिकविणे सुरू झाले. पण लाहोरचे वारे बिघडू लागले होते. मुस्लिम स्त्री आणि हिंदू पुरुष यांच्या संसाराकडे लोक कसे पाहू लागले असतील, याची कल्पना करता येईल. १९४५ साली वर्षभराच्या मुलीला घेऊन दोघे मुंबईला निघून आले, आणि झोरेश संपली. लाहोरमध्ये १९४७ साली जे घडले ते पाहता त्यांनी वेळीच पाय काढला असे म्हणावे लागते. परंतु त्यांची शाळा कोणी जाळली नाही, कोणी बंद पाडली नाही. ती चालविणे अशक्य होईल अशी हवा निर्माण झाली एवढेच. फाळणीच्या हानीचे हिशेब मांडताना अशा गोष्टी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

मुंबईत उझरा ही पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये नायिका होती. झोहराबाई १९४५ साली तेथे महिना ४०० रुपये वेतनावर रुजू झाल्या आणि पुढची १४ वर्षे तेथेच राहिल्या. आजच्या श्रोत्यांना ‘पृथ्वी’ म्हटले की जुहूचे नाट्यगृह आठवते. ते १९७८ सालचे. मूळची पृथ्वी ही फिरती नाटकमंडळी होती. मुंबईत चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तिचे प्रयोग होत, आणि मग सारा संच रेल्वेने देशभर हिंडे. आपल्याकडे गंधर्व, ललितकलादर्श अशा मंडळ्यांच्या बिऱ्हाडांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या जीवनक्रमाचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की पृथ्वीराजांच्या नाटकांत गाण्यांची रेलचेल नव्हती आणि विषय चालू काळाचे होते. ‘दीवार’ या १९४५ सालच्या नाटकात एका घरात भिंत उभी राहते आणि भाऊ वेगळे होतात. देशाच्या फाळणीपूर्वी दोन वर्षे आधी हे रंगमंचावर दाखविले जात होते. ‘पठाण’मध्ये हिंदू-मुसलमानांच्या मैत्रीची कथा. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहत आणि जमलेले पैसे गरजूंसाठी दिले जात. सोळा वर्षांत या मंडळीने २६६२ प्रयोग केले.

झोहराबाईंकडे नृत्यदिग्दर्शन होते. भूमिका मात्र बहुधा दुय्यम. उझरा देखणी, नायिकेच्या भूमिका तिच्या. आपण रूपवान नाही हे झोहराबाई स्वतःच विनोदाने सांगत असत, आणि बहिणीविषयीची असूयाही त्यांनी लपविली नाही. पण येथेच त्यांच्या अभिनयाची घडण झाली असे मला वाटते. नायिकेला संवाद असतात. दुय्यम पात्राला पुष्कळ वेळ नुसते उभे राहावे लागते. उभे कसे राहावे, हे झोहराबाईंना विगमानबाईंनी शिकविलेले होते. चेहऱ्यावर भिस्त न ठेवता पाठीच्या कण्याने, मानेने, खांद्याने बोलण्याची ती विद्या नृत्याची शाळा बंद पडल्यावर नाटकाच्या रंगमंचावर उपयोगास आली. जननाट्य संघाच्या कार्यातही त्या होत्या. त्या चळवळीतून निघालेल्या ‘धरती के लाल’ आणि ‘नीचा नगर’ या १९४६ सालच्या चित्रपटांत त्यांनी कामे केली. अल्मोड्याचे गुरुदत्त आता दिग्दर्शक झाले होते. त्यांच्या १९५१ सालच्या ‘बाजी’चे नृत्यदिग्दर्शन झोहराबाईंकडे आले.

१९५९ साली कामेश्वर यांनी आपल्या जीवनाचा शेवट करून घेतला. पत्नीला काम होते, नाव होते. त्यांच्या गुणांना मात्र मुंबईत कोठेच थारा मिळाला नव्हता. याहून अधिक काही बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. पृथ्वी थिएटर्सही आता थकली होती. पृथ्वीराजांचा आवाज साथ देईनासा झाला आणि १९६० साली ती बंद झाली. झोहराबाई दोन मुलांना घेऊन दिल्लीला आल्या. तेथे नव्याने निघालेल्या नाट्य अकादमीचे संचालकपद त्यांनी काही काळ सांभाळले. १९६२ साली नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती मिळाली आणि वयाच्या पन्नाशीत त्या लंडनला गेल्या. म्हणजे मामांनी १९३० साली आखलेला बेत ३२ वर्षांनी पुरा झाला म्हणावयाचा.

लंडनमधील पहिली वीस वर्षे सुखाची नव्हती. रामगोपाल यांच्या शाळेत नृत्य शिकवावे, दूरचित्रवाणीवर एखादी लहानशी भूमिका मिळाली तर करावी, असा क्रम होता. १९७६-७७ मध्ये बीबीसीच्या ‘पडोसी’ या कार्यक्रमामुळे तेथील आशियाई वस्तीत त्यांचे नाव झाले. खरी संधी आली ती १९८४ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी. पॉल स्कॉट यांच्या कादंबरीचतुष्टयावरून काढलेल्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ या १४ भागांच्या मालिकेत त्यांनी लेडी लिली चॅटर्जी यांची भूमिका केली. मयापूर गावातील ही राजपूत विधवा इंग्रजांच्या मेजवान्यांत वावरते, पण त्यांच्या क्लबात तिला प्रवेश नाही. घरी राहायला आलेल्या डॅफनी या इंग्रज मुलीवर तिचा जीव आहे आणि पुढे काय होणार याची भीतीही आहे. झोहराबाई हे सारे फार थोड्या हालचालींत दाखवितात. खुर्चीत ताठ बसलेली ती बाई समोरच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे मान वळवून पाहते तेव्हा त्या वळण्याला जो वेळ घेते, त्यात तिचा दर्जा, तिचा अपमान आणि तिचा संयम हे तिन्ही कळतात. मी ती मालिका पुष्कळ वर्षांनी पाहिली. ‘आजी’ म्हणून ठाऊक असलेल्या बाईंचे ते काम पाहून मला स्वतःच्या अज्ञानाची थोडी लाज वाटली, आणि आजचे हे भाषण लिहावेसे वाटले ते तेव्हापासून.

यानंतर कामांची वाण पडली नाही. ‘तंदूरी नाइट्स’, १९९३ सालचा गुरिंदर चढ्ढा यांचा ‘भाजी ऑन द बीच’, आणि भारतात परतल्यावर ‘दिल से’पासून ‘साँवरिया’पर्यंतचे हिंदी चित्रपट. चित्रपटांतील त्या बहुतेक आज्या एकाच साच्याच्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. लेडी चॅटर्जीसारखी भूमिका त्यांना हिंदी चित्रपटाने दिली नाही. त्यापेक्षा दिल्लीत आणि इतरत्र त्या एकट्या रंगमंचावर उभ्या राहून उर्दू कविता म्हणत, ते कार्यक्रम कितीतरी सरस होते.

१९९३ साली लाहोरला झालेला एक प्रयोग मात्र वगळता येणार नाही. उझरा पुढे पाकिस्तानात जाऊन राहिली होती. नायिका आणि दुय्यम नटी अशा एकाच मंडळीत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या या बहिणी दोन देशांत वाटल्या गेल्या होत्या. लाहोरच्या अजोका या नाट्यसंस्थेने शाहिद नदीम यांचे ‘एक थी नानी’ हे नाटक दोघींना घेऊन बसविले. ते त्यांच्याच जीवनावर बेतलेले होते. एक ८१ वर्षांची, दुसरी ७६ वर्षांची. क्वीन मेरी कॉलेज त्याच गावात, झोरेश त्याच गावात होऊन गेलेली. या वेळी दोघींच्या भूमिका सारख्याच तोलाच्या होत्या.

सन्मानांची यादी थोडक्यात सांगतो. १९९८ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, २०१० साली पद्मविभूषण. मध्यंतरी संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व, म्हणजे फेलोशिप, हा त्या संस्थेचा सर्वोच्च मान. शासनाने त्यांना विसरले असे कोणी म्हणू शकणार नाही. १० जुलै २०१४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय १०२ वर्षे. अखेरच्या काळी जिने चढणे-उतरणे जमेना, म्हणून तळमजल्यावरचे एखादे सरकारी घर मिळावे अशी त्यांनी विनंती केली होती. ते घर अखेरपर्यंत मिळाले नाही, असे त्यांची कन्या, ओडिसी नर्तकी किरण सेहगल, यांनी निधनानंतर वृत्तपत्रांना सांगितले. अशा अर्जावर कोणकोणते शेरे पडत जातात आणि तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर किती दिवसांनी जातो, ते मला ठाऊक आहे.